गाठीचा धवला

१७ नोव्हेंबर २०१४, सोमवार

नुसता डोक्याला ताप! डोंगराखालच्या विद्यापीठात नवं कलाकेंद्र बांधलंय. त्याच्या उद्घाटनाला मला आमची लग्नातली जुनी गाणी, धवले म्हणायचेत. तिथले कृष्णकांत सर घरी येऊन, खाली बसून चहा पिऊन गेले होते. "आजी, आमची मुलं तुमच्याकडून शिकतील." त्या एका वाक्यावर मी विरघळले. उभा जन्म धवलारीण म्हणून लोकांची लग्नं लावली, पण माझ्यामागे म्हणणार कोण? सुनेला वेळ नाही, नातीला लाज वाटते.

आणि शिकणं कसलं! तालमीत दोन ओळी झाल्या की सर ओरडतात, "थांबा आजी, लाईट!" आणि हॉल एवढा गार की गळाच बसला. परत आले ती कानटोपी घालूनच झोपले.

१९ नोव्हेंबर

सहा मिनिटांत आटपा म्हणतात. सहा मिनिटांत तर आमच्याकडे हळद कालवूनसुद्धा होत नाही!

२१ नोव्हेंबर

तालमीतली खोटी नवरी म्हणजे आमच्याच आळीतली समृद्धी. मासळीवाल्या सोनाबाईची लेक, तिथंच पहिल्या वर्षाला शिकते. नवरा खारघरचा प्रितेश. दोघं मुंडावळ्या बांधून बसतात आणि मांडीवर मोबाईल! म्हटलं, "अगं नवरी आहेस, जरा मान खाली घाल." तर म्हणते, "खालीच आहे आजी, मेसेज वाचतेय." हसूच आलं मेलं.

पण सरांना बजावून सांगितलं — सगळं म्हणेन, शेवटचा गाठीचा धवला म्हणणार नाही. तो म्हटला की लग्न लागलं. भट नसला तरी लागलं. आमच्यात तसंच मानतात. समृद्धीचा साखरपुडा झालाय उरणच्या मुलाशी, माघात लग्न. परक्या पोरीच्या जन्माशी खेळ नको.

सर म्हणाले, "पण मग कार्यक्रम संपला हे लोकांना कळणार कसं?"

म्हटलं, "एवढा मोठा पडदा शिवलाय ना? तो पाडा!"

२५ नोव्हेंबर

सकाळीच सोनाबाई दारात. डोक्यावरची पाटीही उतरवली नाही, तशीच सुरू झाली. "चांगुणा वयनी, काय केलंस गो! माझ्या पोरीचं लगीन लावलंस त्या खारघरच्या पोराशी? उरणवाले बोलतात, लगीन लागलेली पोरगी आमाला नको!"

म्हटलं, "बाई, गाठीचा धवला मी तोंडातून काढलेला नाय. देवाशपथ!"

"मग सगल्या आळीत उगाच बोलतात काय? तुलाच आता आठवत नसंल!"

मला आठवत नसेल! कुठल्या धवल्यात नवरीनं कुठल्या पायानं उंबरा ओलांडला ते मला आठवतं. आमचा दादू आतून काय म्हणतो? "आये, तुला बोललो होतो ना, जाव नको तिथं!" पोटचा पोर, तोही असा.

२६ नोव्हेंबर

करंजाड्याहून निरोप आला. पुढच्या आठवड्यातल्या हळदीला दुसरी धवलारीण बघितलीये. "म्हातारीला आता भान ऱ्हात नाय."

 भात करपला.

२८ नोव्हेंबर

सरांचा फोन. आमच्या सगळ्या तालमी त्यांनी यंत्रात भरून ठेवल्यात! "आजी, रविवारी आळीतल्या लोकांना घेऊन या, उरणच्या मंडळींनाही बोलवा. हॉलमध्ये मोठ्यानं ऐकवू. तुमच्यावरचा आळ गेला म्हणून समजा."

सुटले गं बाई! दादूला आळीभर फिरवून निरोप दिले. सोनाबाईनं तोंड वाकडं केलं, पण येते म्हणाली. उरणलाही तिनंच कळवलं.

२९ नोव्हेंबर

भाकऱ्या थापत होते. समृद्धी येऊन चुलीपाशी बसली. चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाली, "आजी, उद्या ते रेकॉर्डिंग नका ना ऐकवू."

"का गं?"

"उरणला मीच फोन केला होता. सांगितलं, आजीनं शेवटचा धवला म्हटला, माझं लग्न लागलं."

अशी चीड आली! हात उचललाच होता, पिठाचा. "माझं नाव मातीत घातलंस, कारटे! मी काय वाईट केलं होतं तुझं?"

ती रडली नाही. "लग्न झालं की कॉलेज बंद, असं सांगितलंय त्या लोकांनी. आईला सांगून दमले. ती म्हणते, घर सोन्यासारखं आहे. माझं कुणी ऐकत नाही, आजी. तुमचं सगळे ऐकतात."

ऐकत होते, म्हणावं!

"आणि त्या प्रितेशचं काय?"

"तो घाबरून तालमीलाच येत नाही."

जेवायला वाढलं. भाकरी कालवणात बुडवून जेवली, गेली. मी तिला काही कबूल केलेलं नाही. का करू? तिच्यापायी मी माझा गळा मिटून घरात बसू? मला एवढं एकच तर येतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळे येऊन बसले. सर यंत्राकडे निघाले, त्यांना थांबवलं. वर मंचावर गेले आणि सांगितलं — "म्हटला मी गाठीचा धवला. यंत्र बंद झाल्यावर, सवयीनं तोंडातून गेला. विसरले होते."

उरणची मंडळी उठून गेली. सोनाबाई कळवळून म्हणाली, "आता पोरीचं काय गो?" म्हटलं, अशी गाठ आपोआप सुटते. तीन वर्षं लागतात. तोवर दुसऱ्या लग्नाचं नाव काढायचं नाही.

असं कुठल्याच धवल्यात नाही.

कृष्णकांत सर मागे उभे राहून टाळी वाजवायच्या बेतात होते. डोळे वटारले, तसे हात खिशात घातले.