विटा झेलणारा उस्ताद

बीड. बुधवार, निजामी सालाच्या बहमन महिन्याची ७ तारीख. दिवेलागण.

शाळेच्या गोलकीपरला शिकवायला सोमवारी मी गणपाला नेमलं. चूक तर केली नाही ना?

पलटणीतला हवालदार याच कामासाठी शिफारसपत्र घेऊन आलता, पण चेंडू आला की तो डोळे मिटायचा. गणपा मिटत नाही. गवंड्याच्या हाताखाली परांचीवर उभं राहून खालून आलेल्या विटा झेलण्यात त्याची हयात गेली. परीक्षेत एकही चेंडू सुटला नाही. फक्त झेललेला चेंडू तो खांद्यावरून मागं टाकायचा, भिंतीवरच्या गवंड्याला वीट द्यावी तसा. आणि मागं तर आपलाच गोल!

हेडमास्तरसाहेब माझ्याकडं बघतच राहिले.

गणपा ओशाळला. "सायेब, हाताला सवय हाय. मागं कुनी न्हाई, हे ध्यानातच ऱ्हात न्हाई."

"सवय काय, जाईल," मीच म्हणालो. काहून म्हणालो?

जुम्म्याला, म्हणजे परवाच, परभणीकरांशी सामना. म्हणून आज संध्याकाळी मैदानात जाऊन आमच्या गोलकीपरला, महादूला, स्वतः चेंडू मारून पाहिला. डोळे सताड उघडे, झेल पक्का. शाब्बास म्हणणार, तोच चेंडू त्याच्या खांद्यावरून मागं गेला.

"अगदी उस्तादासारखं जमलं ना, मास्तर?"

या खेपेला डोळे मी मिटले.