तुमच्या पलंगाखालचा डबा

बाबा, तुमच्याशी एका डब्याबद्दल बोलायचं राहून गेलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तो डबाही आता घरात नाही, पण माझ्यापुरता विषय मिटलेला नाही.

मी गोंडपिपरीला शाळेत शिकवत होते. कोळशाच्या खाणीतून रिटायर होऊन तुम्ही माझ्याकडे राहायला आलात, आणि त्याच वर्षी मी हॉलमध्ये होम थिएटर बसवलं. हौस माझीच. आमच्या अख्ख्या लाइनीत कोणाकडे नव्हतं. स्पीकर भिंतीवर छान बसले, पण वूफरचा, म्हणजे घुमणाऱ्या जाड आवाजाचा, तो काळा, बोजड डबा माझ्या नव्या शोकेसशेजारी डोळ्यांत खुपायला लागला. चंद्रपूरहून आलेला फिटर म्हणाला, "मॅडम, याले कुठीबी ठेवा. जाड आवाज कुठून येते ते मानसाले समजत नाई." मग भिंतीला भोक पाडून वायर पलीकडच्या खोलीत काढली आणि डबा तुमच्या पलंगाखाली, तुमच्याच पेटीमागे सरकवला. तुम्ही तेव्हा दवाखान्यात गेला होतात. आल्यावर मी काही बोलले नाही. सुरुंगांच्या आवाजाने तुमचे कान जवळजवळ गेलेले, तुम्हाला काय फरक पडणार, हा माझा शहाणपणा.

पहिल्या रविवारी दुपारी शेजारपाजार जमला, आमचे हेडमास्तरही आले. मी सगळ्यांना डबा शोधायला लावतेय, कोणालाच सापडत नाही, मी खुशीत. पडद्यावर कुठलासा पूल उडतो आणि तुम्ही दारात उभे. अंगात नुसती बनियन, चेहरा पांढराफटक. "निंगा, बाहेर निंगा सगळे. छत बोलून राह्यलं." हेडमास्तरांचा दंड धरून तुम्ही त्यांना अंगणाकडे ओढायला लागलात. खाणीचं छत पडण्याआधी बोलतं, ते कानांच्या आधी तळपायांना कळतं, हे मला लहानपणी तुम्हीच सांगितलं होतं. दोन जोडीदारांना तुम्ही असंच ओढून वाचवलं होतं. हॉलमधले सगळे हसले. मीही हसले, आणि वर तुमच्यावर खेकसले, "सिनेमा आहे बाबा. जाऊन पडा तुम्ही." माझी मलाच लाज वाटते आता.

पुढे दर रविवारी जेवण झालं की, सिनेमा सुरू व्हायच्या आत, तुम्ही शर्ट चढवून बसस्टँडवर जाऊन बसायचात. बाबांना माणसं बघायला आवडतं, असं मी लोकांना सांगत सुटले. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, तुम्ही पाटावर बसून चहा पीत होतात. बशी खाली ठेवून म्हणालात, "माय, खरं सांग. मले भास होते का? माया पलंग हालते. तू म्हनते सिनेमा, पन सिनेमा तर त्या खोलीत हाये. खानीत मी असा कधी चुकलो नाई."

डबा दाखवायला दहा पावलं जायचं होतं. पण मग चारचौघांत तुमचं हसं केलं, तेही कबूल करावं लागलं असतं. मी विळीवरून मान वर न करता मोठ्याने म्हणाले, "वय झालं बाबा. होतं असं."

तुम्ही मान डोलावलीत. त्यानंतर तुम्ही कशाचीच खात्री धरली नाहीत. दाराला कडी लावली का, गोळी घेतली का, हेसुद्धा मला विचारायचात, आणि मी सांगेन ते खरं मानायचात. शेवटपर्यंत.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. पलंग हलत होता, बाबा. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला ते ठाऊक होतं.