चौथ्या ओळीतला गहू

प्रिय चिमणी,

पत्राला दीड महिना उशीर झाला, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद उशीखाली सरकवला. फोनवर तुझा आवाज आला की जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच विचारतो आणि मुद्द्याचं गिळून टाकतो. पण गव्हाची पेरणी पुढच्या महिन्यावर आली. आता गप्प राहणं बरं नाही.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, तो काही नवीन नाही. तुझ्या गव्हाच्या कुंड्या होत्या तोवर तुझी मावशी डबा घेऊन यायची आणि काचघराच्या दारातूनच टोमणा मारायची, "भावोजी, रोपं वाढवताय की मुरवताय?" मी म्हणायचो, लेकीने सांगितलंय, मापाने मीठ घालायचं. ती कपाळाला हात लावायची.

परगावी जाताना तू तुझ्या प्रयोगाच्या काचघरातल्या चाळीस कुंड्या माझ्या हवाली केल्यास. चार जातींचा गहू, चार ओळी, सगळ्यांना तेच खारं पाणी. समुद्र शिरून पांढऱ्या पडलेल्या जमिनीत कुठली जात तगेल ते बघायचं. बादलीला एक वाटी मीठ, सपाट. चौथी शिकलेल्या माणसावर एवढा भरवसा टाकलास, म्हणून रोज सकाळी वाटीवरून बोट फिरवायचो, मग शंका यायची, मग मीठ ओतून पुन्हा भरायचो.

दुपारी मात्र तिथे फार बरं वाटायचं. काचेवर वाफ धरलेली, उजेड दुधासारखा, कुंड्यांच्या कडांवर मिठाची पांढरी रेघ. स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी गहू डुलतोय. तू समजावलेलं आठवायचं. काही जाती मीठ मुळाशीच अडवतात. आत शिरलंच तर जुन्या पानांत साठवतात, म्हणजे कोवळं पान वाचतं. दुसरी ओळ तशीच होती. बुटकी, खालची पानं करपून लोंबलेली, शेंड्याला मात्र एक हिरवंगार पान. त्या वाळक्या पानांना हात लावला की तुझी आई आठवायची. घरातलं सगळं खारट तिने स्वतःपाशीच ठेवलं, तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

चौथी ओळ उंच, देखणी. खारं पाणी सुरू केल्यावर विसाव्या दिवशी तिचे शेंडे जळायला लागले, पानं दोरीसारखी वळायला लागली. डोळा लागला की ती रोपं स्वप्नात येऊन पाणी मागायची, लहानपणी तू तापात मागायचीस ना, तशी.

चिमणी, त्या ओळीला मी नऊ दिवस गोडं पाणी दिलं. झारी भरभरून, कुंडीच्या बुडातून मीठ वाहून जाईपर्यंत. आणि वहीत लिहिलं, मिठाचं पाणी दिलं. कापणीनंतर प्रयोगातल्या तुझ्या मैत्रिणीने लोंब्या तोलल्या तेव्हा चौथी ओळ सगळ्यांत भारी भरली. "काका, तुमच्या हाताला यश आहे," म्हणाली, आणि मी मेला हसलो! आता त्याच जातीचं बियाणं किनाऱ्यावरच्या साठ घरांना वाटायचं ठरलंय. त्यांच्या जमिनीतलं मीठ कोण धुऊन देणार? उभं पीक जळेल, वर्ष वाया जाईल, आणि लोक तुझं नाव घेतील. वाटप थांबव. खरी तगली ती दुसरी ओळ. मैत्रिणीला सांगायला दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परतलो, कारण तिच्याआधी तुला कळायला हवं होतं. तू म्हणशील तर त्याच दिवशी जाऊन सगळं तिच्यासमोर कबूल करतो. मला काय हवं ते बोल, पण दोन ओळींचं का होईना, उत्तर लवकर पाठव गं.

तुझाच,
बाबा