चिंचेने घासलेली गुलाबदाणी

मंगळवार, ६ मे
सगळ्यांत आधी कोण, तर शेजारची तुळसा, आमंत्रणाच्या तासभर आधी! मागोमाग समोरची स्वप्ना, तुळसा आली म्हणूनच. कसालहून लेकाच्या नव्या घरात, मिठबावला, येऊन मला पाच दिवस झाले नि घरभरणीचं हळदीकुंकू काय रंगलं! दत्तप्रसाद, माझो झील, बोटीवर जायच्या आधी मोगलांच्या वेळची गुलाबदाणी ठेवून गेलाय. बिदरीकाम म्हणे, काळ्या धातूत चांदीची फुलं बसवलेली. घासू नको, असं बजावलं होतं. पण हळदीकुंकवात काळं भांडं कोण फिरवतं? चिंच-राखेने घासली, पांढरी लख्ख झाली! तुळसा, स्वप्ना नि माझी नात अक्षया, तिघींवर गुलाबपाणी शिंपडलं. मग बाटलीच संपली. तुळसा म्हणाली, "काकी, पाणी इतक्या थंड कित्याक गो?"

गुरुवार, ८ मे
तुळसाची नखं काळी पडलीत. स्वप्ना म्हणाली, "कोकमां फोडलंस नि हात धूक नाय?" तुळसा म्हणाली, "तुझ्या तोंडापेक्षा साफ आसत!" हसून पुरेवाट झाली. नंतर बघते तर स्वप्नाचीही तशीच.

शनिवार, १० मे
दोघींच्या कोपरापर्यंत काळं. आणि त्यात चांदीची फुलं — कातडीत बसलेली. तुळसाचा हात धरला. भांड्यासारखा गार.

रविवार, ११ मे
गुलाबदाणी उजेडात धरून पाहिली. एकही फूल नाही. मी उतरवलेलं काळं कुठे गेलं ते कळलं. शिंपडणारी मी. मला काही नाही. अक्षयाची करंगळी —

सोमवार, १२ मे
सुनेने, भक्तीने, पोरीला डॉक्टरकडे नेलं. मलम दिलं. मी चिंच लावून घासलं, पोर किंचाळली, बोट काळंच. भक्तीला सगळं कबूल केलं. तिने पोरीला माझ्याजवळून ओढून घेतलं.

मंगळवार, १३ मे
अक्षयाचा हात खांद्यापर्यंत काळा. तिला इथून दूर, कसालला न्यायला रिक्षा आणली. पण मला नि भक्तीला मिळून उचलवत नाही — नऊ वर्षांची पोर — जड झालीय —

बुधवार, १४ मे
भर दुपारी तुळसा नि स्वप्ना दारात. गळ्यापर्यंत काळ्या, फुलांनी भरलेल्या. पापण्या हलत नाहीत. तुळसा बोलली, ओठ न हलवता, पोकळ भांड्यातून यावं तसं — चेडवाक, अक्षयाक, तयार ठेव, काकी. एक फूल कमी आसा.
पाया पडले. मला न्या म्हटलं. तुझ्यावर पाणी पडूक नाय, म्हणाल्या.
दत्तप्रसादची बोट शनिवारी लागेल. त्या परत येतो म्हणाल्या, शुक्रवारी —