टेक्सासची अ‍ॅडमिशन

१५ सप्टेंबर १९८४, शनिवार

नरेंद्रला सांगून टाकलं. पीएचडीला अप्लाय करतेय, बिझनेस स्कूलमध्ये. तो गराजमध्ये लॉन मोव्हर पुसत होता. "अरे वा! मग नीट प्लॅनिंग करायला हवं," म्हणाला.

मला वाटलं होतं, नको म्हणेल. उत्तरं तयार करून गेले होते. एकही लागलं नाही.

१६ सप्टेंबर

प्लॅनिंग झालं! फ्रिजवर तक्ता. जीमॅट, म्हणजे प्रवेश परीक्षा, पुढच्या महिन्यात. तोवर सकाळी ऑफिसच्या आधी गणितं, रविवारी पूर्ण पेपर. घड्याळ घेऊन तो समोर बसणार. दोन रंगांत रेघा. अक्षर फार सुरेख आहे त्याचं.

२८ सप्टेंबर

ऑफिसात मिसेस डोलनकडे रेकमेंडेशन मागितलं. आमच्या इन्शुरन्स कंपनीतल्या क्लेम्स डिपार्टमेंटची सुपरवायझर. "या वयात शाळा? कशाला, हनी?" म्हटलं, नको झालेल्या नोकरीतही माणसं का टिकून राहतात, ते शोधायचंय. खो-खो हसली. "मला विचार ना!" पण लिहून देते म्हणाली.

२० ऑक्टोबर, शनिवार

जीमॅट झाली. बरी गेली. खोलीत मीच सगळ्यांत मोठी असणार.

बाहेर नरेंद्र थर्मास घेऊन उभा. घरी पोचेपर्यंत एकेक प्रश्न विचारून घेतला. म्हणजे आज दोन परीक्षा.

२७ ऑक्टोबर

सरलाकाकूंकडे दिवाळीचं पॉटलक. शिकागोजवळच्या या शॉमबर्गमधल्या आम्हा मराठी लोकांत काकू सगळ्यांत जुन्या. नरेंद्रनंच जाहीर केलं — "आम्ही पीएचडीला अप्लाय करतोय." आम्ही!

काकू किचनमध्ये हळूच म्हणाल्या, "सुलेखा, नशीब काढलंस गं. मूल नाही, तरी कधी शब्दानं बोलला का तो?"

नाही बोलला. खरंच नाही. मी करंज्या ताटात लावल्या.

९ डिसेंबर, रविवार

स्टेटमेंट ऑफ पर्पज नरेंद्रनं टाइप करून दिलं. मी लिहिलं होतं — माणसं नोकरी का सोडत नाहीत. कागदावर आलं — माणसं नोकरी का सोडतात.

"अगं, सोडून गेली तर कंपनीचं नुकसान. राहणाऱ्यांचा काय प्रॉब्लेम?"

लॉजिक चोख.

१० डिसेंबर

लंचमध्ये ऑफिसच्या टाइपरायटरवर पूर्ण स्टेटमेंट पुन्हा टाइप केलं, माझं होतं तसं. पोस्टात टाकूनच परतले. तीन अर्ज — दोन शिकागोत, एक टेक्सासला. टेक्सासचा माझ्या हट्टानं. "इतक्या लांब कशाला?" तो म्हणाला होता. प्रोग्रॅम चांगला आहे, म्हटलं. आहेच.

टाइप केल्याचं त्याला सांगितलं नाही.

२० जानेवारी १९८५

हाडं गोठवणारी थंडी. गाडी सुरू होईना. बाकी काही नाही.

२ मार्च

शिकागोच्या दोन्ही शाळांचा नकार. नरेंद्र जेवला नाही. मी जेवले. टेक्सासनं मात्र इंटरव्ह्यूला बोलावलंय.

१५ मार्च, शुक्रवार, टेक्सास

नरेंद्र बरोबर येणार होता. त्याच्या कंपनीच्या प्लांटमध्ये ऐन वेळी काहीतरी बिघडलं, राहिला. मी एकटीच.

डॅलसला उतरून गाडी भाड्यानं घेतली. दोनदा रस्ता चुकले. शेजारून कोणी काही बोललं नाही! पेट्रोल पंपावर विचारलं, वळले, पोचले. वाटेत भूक लागली तेव्हा थांबले. तिथला पेकन-पाय खाऊन बघितला, अक्रोडासारख्या बियांचा. फार गोड. तरी संपवला.

प्रोफेसर व्हिटेकर. पांढऱ्या मिशा, बूट टेबलाखाली काढून बसलेले. माझे कागद पुढ्यात. म्हणाले, "लोक सोडून का जातात, हे सगळेच विचारतात. तुम्ही उलटं विचारताय. का?"

पाठ केलेलं उत्तर गेलं कुठल्या कुठे. म्हटलं, "जाणाऱ्याला सगळे कारण विचारतात. राहणाऱ्याला कोणी विचारतच नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग घरच्यांबद्दल विचारलं. मी म्हटलं, "नवऱ्याची नोकरी शिकागोकडे आहे. तो तिथेच राहील. सुट्टीत भेटू."

हे आमचं कधी ठरलंच नव्हतं. विषयसुद्धा निघाला नव्हता. किती सहज बोलून गेले! गाडीत येऊन बसले, पण किल्ली फिरवायला वेळ लागला.

१७ मार्च

घरी. एअरपोर्टवर नरेंद्र फुलं घेऊन. "काय काय विचारलं?" सगळं सांगितलं. शेवटचं सोडून.

३ एप्रिल, बुधवार

नरेंद्रचा ऑफिसात फोन. "राहवलं नाही, पाकीट मीच फोडलं — अ‍ॅडमिशन! फुल असिस्टंटशिप, फी माफ!" ओरडत होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीलासुद्धा ऐकू गेलं, तिनं टाळ्या वाजवल्या.

घरी आले तोवर सरलाकाकूंना कळलं होतं, पुण्याला कळलं होतं. पत्र नीट घडी करून ठेवलेलं. मी सगळ्यांत शेवटी वाचलं.

१४ एप्रिल

नरेंद्र हल्ली गप्प असतो. माझ्याशिवाय कसं होणार याची काळजी असेल. शनिवारी त्याला आमटी-भात शिकवला. फोडणी करपली. दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२६ एप्रिल, शुक्रवार

नरेंद्र केक घेऊन आला. डॅलसजवळ अर्विंगला त्याच्या कंपनीचं ऑफिस आहे, तिथे बदली मिळाली. महिनाभर मागे लागला होता, मला सरप्राइज म्हणून. हुद्दा एक पायरी खालचा. "चालेल गं. तू एकटी कशी राहणार?" बोलताना त्याचे डोळे भरून आले. अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा पाहिले.

मी म्हटलं, "नको."

"अर्विंग नको? मग युनिव्हर्सिटीच्या जवळ घर बघू. मी करेन लांबून ड्राइव्ह."

"अर्विंग नाही, नरेंद्र. तू नको येऊस."