प्लास्टरातली कणीक

नाचणगाव,
सोमवार, भर दुपार (लाईट गेलेली)

तीर्थस्वरूप यशोदाताई यांस,

तुमची धाकटी भावजय आनंदा हिचा उजव्या हाताचा नमस्कार. डावा हात प्लास्टरात असल्यामुळं जोडून करता येत नाही. उरलेला अर्धा गिरडला आल्यावर पुरा करीन. तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर खाली आली का, की ते अजून चहात गूळ घालून ती साखर नव्हे असं सांगतात? तुमच्या आकांक्षाचे ब्लाउज शिवून आले असतील तर आताच घालून बघायला सांगा, लग्नाच्या दिवशी सकाळी बघू नका. इकडे सगळं खुशाल आहे. तुमचे भाऊही खुशाल आहेत. त्यांचं कसलंही ऑपरेशन झालेलं नाही आणि होणारही नाही. तशी बातमी तुमच्यापर्यंत आली असेल (नाचणगावची बातमी पुलगाव स्टेशनावर गाडीच्या आधी पोचते) तर विश्वास ठेवू नका. ती कशी निघाली ते पुढं येईल.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन आला की तुमचे भाऊ शेजारी येऊन बसतात आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून ठेवतात. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलता येत नाही. आमचे शेजारी बंडूजी परवा गिरडच्या दर्ग्याला निघालेत (दरवर्षी टेकडी चढून नवस फेडतात आणि उतरायच्या आत पुढचा बोलतात), त्यांच्या हाती हे पाठवते. पाकीट कणकेच्या खळीनं चिकटवलं आहे. कणीक ताजी आहे. असं मुद्दाम का सांगते, तेही पुढं कळेल.

मुद्दा एकच आहे आणि तो तुम्हालाही झोपू देत नसेल: आकांक्षाच्या लग्नात मांडे कोण करणार. बैठकीत तुम्ही व्याह्यांना भरल्या ताटावर शब्द देऊन बसलात की आमच्या आनंदाच्या हातचे पुरणाचे मांडे तुम्हाला खाऊ घालू. ते पुण्याकडचे, त्यांनी मांडा कधी बघितलेला नाही, त्यामुळं त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. (लग्न होऊन आले तेव्हा माझा पहिला मांडा बघून तुम्ही, "याले मच्छरदानी म्हणतात," असं म्हणाला होतात. मी विसरले आहे.) तो शब्द ऐकून मी इतकी फुगले की दुसऱ्याच दिवशी सरावाला गहू धुऊन वाळत घातले, आणि त्याच दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना स्टुलावरून पडले. स्टूलही तुमच्याच माहेरचं, तुमच्या आईंच्या वेळचं. त्याला काही झालं नाही.

पुलगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मनगटाच्या वर हाड मोडलं होतं. प्लास्टर घालण्याआधी मी त्यांना मांड्याचं सगळं समजावून सांगितलं: कणीक किती सैल लागते, पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर कसा खेळवायचा, कोपरापर्यंत ताणून पलीकडचं दिसायला लागलं की पालथ्या मडक्यावर कसा टाकायचा, आणि म्हणून हाडापेक्षा वरची कातडी कशी महत्त्वाची. कातडी खरबरीत झाली की मांडा अडकतो आणि फाटतो. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि पडल्यावर डोक्याला काही लागलं होतं का, असं तुमच्या भावाला विचारलं. मग सूचना दिल्या. हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवत राहा, पाणी लागू देऊ नका, आणि खाजलं तरी आत काहीही घालू नका. बांगड्या नर्सबाईंनी आधीच काढल्या होत्या. त्या सगळ्या मी उजव्या हातात चढवल्या, त्यामुळं आता मी कुठल्या खोलीत आहे ते बंडूजींना त्यांच्या घरातून कळतं.

पहिले काही दिवस मी शहाण्यासारखी वागले. प्लास्टरची कड अंगठ्याच्या मुळाशी घासायची, तिथं जुन्या धोतराची मऊ पट्टी लावली. रात्री कुशीवर वळताना तुमच्या भावाच्या गालाला ओरखडा आला, तेव्हा त्यांच्या लोकरी मोज्याचं पुढचं टोक कापून तो प्लास्टरावर चढवला. आंघोळीला दुधाची पिशवी बांधली. (पिशवी उलटी बांधल्यावर पाणी बाहेर राहत नाही, आत साठतं. एकदाच झालं.) पण ताई, आपल्या वर्ध्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात माणूस मलमलीच्या साडीत शिजतो, मी तर एका हातापुरता चुन्याचा सदरा घातलेला. खाज सुटायची ती नेमकी मधोमध, जिथं वरून बोट पोचत नाही आणि खालूनही नाही. देवाचं नाव घेतलं, अंक मोजले, टीव्हीवर दुसऱ्यांच्या घरातली भांडणं बघितली. मग विणायची सुई घातली, ती पोचली नाही. बंडूजींनी सायकलची तार आणून दिली, ती पोचली, पण नको तिथं पोचली. कूलरपुढं प्लास्टरचं तोंड धरून बसले तर गार वाटायचं, पण वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार आत जायचे. तुमचे भाऊ सारखे विचारायचे, काऊन खाजवून राह्यली. मी म्हणायचे, खाजवत नाही, बोटं हलवते आहे.

आणि मग मला एक विचार सुचला. तो मूर्खपणाचा होता हे आता सगळे सांगतात, पण त्यात स्वयंपाकघराचं शास्त्र होतं. घाम आला की कातडी प्लास्टरला चिकटते आणि चिकटली की खाजते. आता चिकटणारी वस्तू बाईला नवी नाही. पोळी पोळपाटाला चिकटायला लागली की आपण काय करतो? वरून कोरडं पीठ लावतो. शिवाय मांड्यांसाठी वस्त्रगाळ केलेलं सपीट घरात डबाभर पडलेलं. डॉक्टरांनी आत काही घालू नका म्हटलं होतं ते काड्या-तारांविषयी, पिठाविषयी ते अवाक्षर बोलले नव्हते. कागदाची पुंगळी केली, तुमचे भाऊ रेशनला गेलेले बघितले, आणि फुंकर मारून पीठ आत घातलं. एक पूर्ण दिवस मी स्वर्गात होते. कातडी मऊ राहील, हात सुटेल तेव्हा मांड्यांना तयारच असेल, असंही मनात आलं.

पिठात पाणी घातलं की काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घामही पाणीच असतो, एवढं ध्यानात आलं नाही. दोन दिवसांनी हात आतून जड वाटायला लागला. मग आंबूस वास यायला लागला, जिलबीचं पीठ घरात विसरून राहिल्यासारखा. तुमच्या भावानं फ्रिज सरकवून मागं मेलेला उंदीर शोधला. बंडूजी चहाला आले की माझ्या खाटेपासून खुर्ची लांब ओढून बसायला लागले. मी चेहरा तसाच ठेवला. पण मुंग्यांपुढं कुणाचं चालत नाही. लाल मुंग्यांची रांग खाटेच्या पायावरून चढून सरळ माझ्या कोपराकडं निघाली. तुमच्या भावानं खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या भिंतीवरून आल्या. तेव्हा मी कबूल केलं.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं आणि आतला गोळा चिमट्यानं उचलून बघितला. मग त्यांनी विचारलं, "बाई, हे काय आहे?" मी म्हटलं, कणीक. "कशासाठी?" मी म्हटलं, चिकटू नये म्हणून. ते मुद्दाम खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. कातडी लाल झाली होती, एका जागी सोलली होती. ती धुऊन, औषध लावून, नीट कोरडी करून पुन्हा कापूस गुंडाळून नवं प्लास्टर घातलं. खाजलं तर वरून टिचक्या मारा आणि कोरड्या पंख्यापुढं बसा, असं सांगितलं. (टिचक्यांनी खरंच थांबते. हे आधी सांगितलं असतं तर सपीट वाचलं असतं.) आणि हे प्लास्टर लग्नाच्या दिवशीही हातात असेल, असंही सांगितलं.

तेव्हा ताई, मांडे मी करू शकत नाही. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे. पण तुमचा शब्द खाली पडणार नाही. मला इथंच एक स्वयंपाकी मिळाला आहे. हात चांगला आहे, मांडा मोठा आणि एकसारखा येतो, पैसे घेत नाही. फक्त तो लाजरा आहे. चुलींच्या चारी बाजूंनी कनात लावावी, आत कुणी डोकावू नये, विशेषतः घरच्या बायकांनी, आणि व्याह्यांना मांडे आनंदाच्या हातचेच असं सांगावं, एवढीच त्याची अट आहे. कनातीची व्यवस्था तेवढी करा. आकांक्षाला आशीर्वाद, भाऊजींना उजव्या हाताचा नमस्कार.

तुमची,
आनंदा

ता. क. तुम्ही कनातीत डोकावणारच, तेव्हा आताच सांगून टाकते. तो स्वयंपाकी तुमचा भाऊ आहे. ज्याला तुम्ही कधी उठून पाण्याचा पेलासुद्धा घेऊ दिला नाहीत, तोच. दुसरं प्लास्टर घालून आले त्या दिवशी मी ओट्यावर बसून संध्याकाळपर्यंत रडले. ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काऊन रडून राह्यली? मले सांगत जाय, मी करतो." दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात मडकं पालथं घातलं. त्यांच्या हातावर केस किती आहेत ते तुम्ही लहानपणापासून बघता. पहिला मांडा सुटला तो केसांसकट. ते उठून न्हाव्याकडं गेले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत साफ करून आले. न्हाव्यानं कशाला म्हणून विचारलं, तर यांना खोटं सुचेना, म्हणाले डॉक्टरनं सांगितलं. ऑपरेशनआधी केस काढतात हे गावाला ठाऊक, संध्याकाळी लोक शहाळी घेऊन दारात. बंडूजींनी हृदय की किडनी असं विचारलं, तर हे म्हणाले, "हात." तेव्हापासून नवरा-बायको दोघांचे हात मोडले, अशी बातमी आहे. हे सगळं तुम्हाला कळू नये, असं त्यांनी मला शपथ घालून सांगितलं आहे. तुम्हाला रडू येईल म्हणतात. आलं तर कनातीबाहेर या.

आणखी एक. त्यांच्या हातांवर आता खुंट उगवले आहेत आणि भयंकर खाज सुटली आहे. माझी थांबली, त्यांची सुरू झाली. काल विणायची सुई मागत होते. मी टिचक्या मारा म्हटलं.

शेवटचं. काल पुन्हा फोटो काढला. तुमचे भाऊ उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बाहेर बाकावर बसले होते, त्यांनी काही ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले, हाड लवकर जुळलं, प्लास्टर लग्नाच्या आधीच काढून टाकू, फक्त जड काही उचलू नका. मांडा जड नसतो. पण हे मी यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. प्लास्टर निघालं तरी हात दुखतो म्हणून झोळीतच घालून येईन, तुम्ही काही विचारू नका. ते रोज सकाळी चुलीपाशी बसतात आणि मांडा ताणताना गुणगुणतात. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. परवाचा मांडा माझ्यापेक्षा चांगला झाला होता, तो मी गपचूप खाल्ला. कनात नीट लावा, आणि आत चुलीपासून जरा लांब माझ्यासाठी एक खुर्ची ठेवा.