चंद्रभानच्या कोड्यातले चार शब्द

जवाहरनगर,
ता. ११ ऑक्टोबर १९७९

तीर्थस्वरूप जागेश्वरदादा यांना केवळरामचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? (ही चौकशी तुमच्या बहिणीची, शकुंतलेची, माझी नव्हे.) इकडची खुशाली कळवायची रीत आहे, पण तुमचा धाकटा भाऊ चंद्रभान जाऊन आज आठ दिवस झाले, तेव्हा ती ओळ गाळतो. तार मिळाली असेलच. तुम्ही आला नाहीत, त्यावर घरच्या जावयाने बोलणे शोभत नाही, म्हणून बोलत नाही. (राग मात्र आला आहे.)

काम वेगळेच आहे. चंद्रभानला रविवारच्या पेपरातल्या शब्दकोड्याचे वेड होते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. नऊ वर्षांत माणसाला नवी वेडे लागतात. आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो एकेक खूण मोठ्याने वाचायचा आणि सगळी बस उत्तरे ओरडायची. बिडी-काडीबरोबर कोडेही गेटवर ठेवून आत जायचा. शेवटचे कोडे मात्र घरीच राहिले. त्याचा विषय होता हातमाग. सगळे भरून झाले होते, फक्त चार शब्द कोरे. ते उशाशी ठेवूनच तो गेला, आणि गेला तोही त्याच पलंगावर, जो त्याने तुमच्या वडिलांचा माग मोडून त्या लाकडाचा करवला होता. त्यावरूनच नऊ वर्षांपूर्वी तुम्ही त्याचे तोंड पाहणार नाही म्हणाला होतात. (शब्दाचे पक्के निघालात.)

मंदाबाई रडत नाही, तेच वाईट वाटते. तिसऱ्या दिवशी तिने तो कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, तेरवीले फोटोसमोर हे पुरं भरून ठेवा. अर्धवट काम टाकून जानारा मानूस नोहता थो." नवरा गेलेल्या बाईला नाही कसे म्हणणार? पण मी आंबागडचा, धानातला माणूस. माग पाहिला तो सासुरवाडीत, तोही अंगणातून, कारण जावयाला कोणी कामाजवळ फिरकू देत नव्हते.

म्हणून कोडे बसमध्ये नेले. त्याच्या जागेवर अजून कोणी बसत नाही, उभे राहून जातात. मी खूण वाचली: ताण्याला पाजतात ती, दोन अक्षरे. मागून आमच्या खात्यातला ईश्वर म्हणाला, "दोनच घरं हायेत नं? मंग धान टाक." अख्खी बस धानवाल्यांची, कोण हरकत घेणार? धान बसल्यावर त्याला लागून बांध आला, आणि शेजारच्या मंगरूने शाईच्या पेन्सिलीला थुंकी लावून धानलावणीचा 'रोवणा' कोंबला. गेट येईपर्यंत हातमागाच्या कोड्यात चांगले एकरभर शेत उभे झाले. आणि आम्ही हसत होतो दादा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग कोणाचे तरी लक्ष खिडकीकडे गेले आणि मंगरूने पेन्सिल खिशात घातली. घरी येऊन ते सगळे खोडले, पण कागद फाटला. शकुंतलेने मागून भाताची शिते लावून चिकटवला.

चारही खुणा वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत जोडल्या आहेत. उलट टपाली उत्तरे पाठवा. शब्द तेवढे लिहा, बाकी काही लिहिले नाही तरी चालेल. तेरवी मंगळवारी आहे.

आपला,
केवळराम

ता. क. वर खोटे लिहिले. उत्तरे मिळाली आहेत. कागद चिकटवता चिकटवता शकुंतलेने चारही एका दमात सांगितली. लहानपणी तुमच्या मागाशेजारी बसून तिने सुताच्या कांड्या भरल्या आहेत. म्हणाली, "हे तं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालेबी येते. चंदूभाऊले येत नोहतं काय?" येतच होते. अवघड तेवढे सगळे भरून त्याने सोपे चार मुद्दाम ठेवले होते. कडेला बारीक अक्षरात लिहिले आहे: दादाले विचारू.

आणखी ता. क. पेपरच्या घडीत एक आंतरदेशीय पत्र सापडले. वर तुमचा पवनीचा पत्ता, आत फक्त 'दादा', खाली सगळे कोरे. ते मी टपालात टाकणार नाही, इथे येऊन घ्या. चार शब्दही कोरेच ठेवले आहेत. भरणारा माणूस येतो आहे, असे मंदाबाईला सांगून बसलो आहे. सोमवारच्या एस.टी.ने या. भरताना हात जपून चालवा, कागद फार विरला आहे, आता खोडता येणार नाही.